ओढणारा, ओढली जाणारी आणि बसणारे

कुटुंबाच्या सहलीसाठी जोडगाडी घ्यायची तर दोन वस्तू ठरवाव्या लागतात. पुढे ओढणारे वाहन, आणि मागे ओढले जाणारे चाकांवरचे हलके घर, ज्याला कॅरव्हॅन ट्रेलर म्हणतात. युरोप-अमेरिकेत बहुधा गाडी आधीपासून दारात उभी असते आणि तिला झेपेल असे घर मागाहून शोधले जाते. खानदेशातल्या शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात ओढणाराही दारात असतो आणि ओढली जाणारीही. एकाला ट्रॅक्टर म्हणतात, दुसरीला ट्रॉली. ठरायचे राहते ते एवढेच की येणार कोण कोण. हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण जोडगाडीचे सगळे गणित त्याच्यापाशी येऊन अडते. कारण गणिताला वजन लागते आणि येणाऱ्यांचा आकडा निघण्याच्या घटकेपर्यंत वाढत राहतो.

हौसेखातर घर ओढत हिंडण्याचा आरंभ इंग्लंडात १८८५ साली झाला असे मानतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे आरमारातले निवृत्त डॉक्टर होते. मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची लाकडी गाडी बांधून घेतली. वजन दोन टनांच्या घरात, ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान, शिवाय एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघून येई. एका माणसाला एकांत मिळावा म्हणून एवढी तयारी करावी लागली. खानदेशात दत्तजयंतीला सारंगखेड्याला किंवा पर्वणीला प्रकाशा गावी निघालेली बैलगाडी यापेक्षा फारशी वेगळी नसे. गाडीवर टप बांधलेला, तळाशी कडब्यावर गोधड्या, मागे पाण्याची घागर, साटीखाली टांगलेला कंदील. दिवसा गाडीच्या सावलीत स्वयंपाक, रात्री म्हाताऱ्या आणि लेकरे आत, बाकीचे खाली. याला कोणी शोध म्हटले नाही, कारण एकांत हा त्यातला हेतूच नव्हता.

बैलगाडीपासून सुरुवात करण्याचे कारण म्हणजे ट्रेलरच्या पुस्तकातला सर्वांत अवघड धडा गाडीवानाला न वाचता येतो. गाडी भरताना ओझे कण्याच्या मागे जास्त पडले की ती उलाळ होते. जू वर उचलते, जोती बैलांच्या गळ्याला आवळतात आणि चढावर गाडी बैलांना घेऊन मागे बसू पाहते. ओझे पुढे जास्त पडले तर सगळा भार खांद्यावर येतो आणि बैल कोसभरात मान टाकतात. जुवावर हात ठेवून जरा वर-खाली केले की गाडीवानाला समजते; त्याला काट्यावर जावे लागत नाही. कॅरव्हॅनचे पुस्तक हेच टक्क्यांत सांगते. ट्रेलरच्या भरल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर यावा, असा अमेरिकेतला संकेत आहे. युरोपात तो पाच ते सात टक्क्यांवर भागतो, कारण तिकडचे ट्रेलर वेगळ्या घडणीचे आणि वेगही कमी. भार याहून कमी पडला, म्हणजे मागची बाजू जड झाली, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि थोड्या वेळाने पुढच्या गाडीलाही झुलायला लावतो. अशा वेळी ब्रेक दाबला तर झुलणे वाढते. पाय अलगद काढून वेग आपोआप उतरू द्यावा लागतो.

फरक इतकाच की कॅरव्हॅनमधले ओझे कपाटात बंद असते, ते एकदा लावले की जागचे हलत नाही. बैलगाडीतले ओझे बोलते. “मामी, जरा पुढे सरका, गाडी उलाळ होतेय,” असे म्हणायची सोय असते, आणि “मी काय जड आहे का?” असे उत्तर यायचीही. मामींच्या जागी पिठाचा डबा सरकवला तरी चालते हे गाडीवानाला माहीत असते, पण डब्याला सरकवले तर मामी गप्प बसतील याची खात्री नसते. शिवाय अर्ध्या वाटेत दोघे-तिघे पाय मोकळे करायला उतरतात, पुढे ओळखीचे दोघे चढतात, आणि तोल पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.

आता ओढणाऱ्याकडे वळायला हरकत नाही. या परगण्यात ओढणारा पारखण्याची कला जुनी आहे. लोणखेड्याहून दोंडाईच्याच्या दिशेने पंधराएक किलोमीटरवर तापीकाठी सारंगखेडा आहे आणि तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेतला घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. घोडा घेणारा आधी दात बघतो, मग अंगावरचे भोवरे, मग चारी पाय आणि कपाळ पांढरे असल्यास पंचकल्याणी म्हणून मान डोलावतो, आणि शेवटी चालवून रेवाल चाल बघतो. त्याला काय ओढता येईल हे कोणी विचारत नाही. लाखांत किंमत सांगितली जाणारी ही एक अश्वशक्ती काहीही ओढत नाही. हलगी वाजली की नाचते, आणि तेवढ्यासाठीच ती घेतली जाते. जुनी बोलेरो बघायला गेलेली मंडळी हीच रीत पाळतात. दार आपटून बघायचे, टायरला लाथ मारायची, बॉनेट उघडून आत सगळे दिसते तसेच आहे ना याची खात्री करायची, आणि एक चक्कर मारून “चाल चांगली आहे” असे म्हणायचे. मागे ट्रेलर लावायचा असेल तर बघायला हवे ते क्लचची प्लेट, रेडिएटर, ब्रेक आणि चेसीवरचा गंज. यांतले काहीच लाथ मारून कळत नाही.

अश्वशक्तीच्या आकड्यावर जाणारा माणूस हमखास फसतो. चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली वाफ्यातून बाहेर काढतो, आणि एकशेतीस अश्वशक्तीची नवी चकचकीत गाडी त्याच ट्रॉलीला हूक लावल्यावर जागेवर धूर काढील. कारण साधे आहे. शक्ती म्हणजे काम किती झपाट्याने होते त्याचे माप. चाकावर किती जोर पडतो हे गिअरवर ठरते. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांत काम उरकते, गिअर त्या फेऱ्या आणखी मंदावतात आणि मंदावताना जोर वाढवतात. मागची मोठी चाके, त्यांच्यावरचे वजन आणि खोल दातांचे टायर तो जोर जमिनीत उतरवतात. मोबदल्यात ट्रॅक्टर वेग सोडून देतो. तासाला तीसएक किलोमीटर हा त्याचा घोडदौडीचा वेग, आणि त्या वेगात डोंगरावरच्या तोरणमाळची सहल ही सहल राहत नाही, मुक्काम होतो. कुटुंबात ज्यांना गाडी लागते, म्हणजे मळमळते, त्यांना मात्र ट्रॅक्टर मानवतो. उघड्यावरचा वारा, संथ चाल, आणि वाटेल तिथे उतरण्याची मुभा.

ट्रॅक्टरची खरी अडचण त्याच्या व्याख्येत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॅक्टर म्हणजे स्वतः कसलाही भार वाहण्यासाठी न बांधलेले वाहन. या व्याख्येत बसणारी माणसे प्रत्येक सहलीत दोन-तीन निघतात, पण ती ओढतही नाहीत. ट्रॅक्टरवर आसन एक, ते चालवणाऱ्याचे. दोन्ही बाजूंची मडगार्डे हे कारखान्याच्या दृष्टीने चिखल अडवण्याचे पत्रे आहेत, लोणखेड्याच्या दृष्टीने मानाच्या जागा. ट्रॉलीचेही तसेच. ती मालासाठी असते, आणि तिच्यात माणसे बसवून नेणे नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. हे सर्वांना माहीत असते. तरी लग्नाचे वऱ्हाड, यात्रेची गर्दी आणि गणपती विसर्जन ट्रॉलीतूनच जातात, आणि दरवर्षी कुठे ना कुठे ट्रॉली उलटल्याची बातमी छापून येते. या एका बाबतीत विनोद बाजूला ठेवून सांगायचे तर ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून बसलेल्या माणसाला धरायला फक्त शेजारचा माणूस असतो, आणि शेजारच्यालाही तोच.

तेव्हा कुटुंबासाठी ओढणारा म्हणून चारचाकीच बघावी लागते. शहाद्याच्या रस्त्यावर दिसणाऱ्यांत बोलेरो, क्रुझर आणि तत्सम चेसीवर बांधलेल्या गाड्या या कामाला बऱ्या. जिचा सांगाडा आणि पत्रा एकच असतो अशी छोटी मोटार मागे ओढ लागली की कुरकुरते. वजनाचा एक ठोकताळा इंग्लंडातल्या कॅरव्हॅनवाल्यांनी नवशिक्यांसाठी करून ठेवला आहे. मागच्या भरल्या ट्रेलरचे वजन पुढच्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. गाडी १६०० किलोची धरली तर ट्रेलर १३६० किलोपर्यंत. ही मर्यादा ओढण्याच्या ताकदीची नाही. मागचा माणूस पुढच्यापेक्षा वजनदार झाला की घरात निर्णय कोणाचा चालतो हे जसे सांगावे लागत नाही, तसेच उतारावर कोण कोणाला नेते हेही सांगावे लागत नाही.

त्यातही गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कंपनीने ओढण्याचा आकडा दिला असेल तर तोच शेवटचा. आपल्याकडच्या अनेक पुस्तिकांत तो आकडा नसतोच. त्याच्या जागी वेल्डिंगच्या दुकानातला आकडा चालतो. मागे चॅनलचा तुकडा, त्याला दोन अँगल, त्यावर गोळा. काम संपल्यावर वेल्डिंगवाला त्यावर उभा राहून दोन उड्या मारतो आणि म्हणतो, “भाऊ, डोंगर ओढा याने.” त्याचे म्हणणे खोटे नसते, हूक डोंगर ओढील. ज्याला तो हूक जोडला आहे त्याचे मत त्याने विचारलेले नसते. ओढण्याची मर्यादा हूकच्या जाडीवरून येत नाही. चढावर इंजिन किती तापते, उतारावर ब्रेक किती धरतो, मागचे पाटे किती दबतात आणि पुढच्या चाकांवर स्टिअरिंग फिरवण्यापुरता भार उरतो का, यांवरून येते. मागे ट्रेलर जोडल्यावर गाडीचे हेडलाइट आंब्याच्या झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले तर हूकवर भार जास्त झाला असे समजावे.

ओढली जाणारी बाजू तीन जातींत मिळते. सर्वांत हलकी ती थेंबाच्या आकाराची, आत फक्त झोपण्याची जागा, स्वयंपाक मागचे झाकण उचलून उभ्याने करायचा. दुसरी घडीची, प्रवासात पेटीसारखी बसकी आणि मुक्कामाला कापडी भिंती उभारून वाढणारी. तिसरी पक्क्या भिंतींची, खिडक्या-पडद्यांची, जिला बघून शेजारी हेवा करतात आणि टायर नशिबाला दोष देतात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. त्यावर मात्र ब्रेक लागतोच. बहुधा तो धक्क्याचा ब्रेक असतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि तो रेटाच त्याचा ब्रेक आवळतो. हलका ट्रेलर म्हणतात तो साधारण या साडेसातशेच्या आतला.

आता हा हलका ट्रेलर लोणखेड्यात भरून बघू. रिकामा ५०० किलो धरला तर सामानाला २५० किलो उरतात. पुस्तकातले चौकोनी कुटुंब यात कपडे, चार थाळ्या, दोन खुर्च्या आणि एक फुटबॉल ठेवते आणि वर जागा उरली म्हणून आनंदते. लोणखेड्यात आधी पाणी चढते. प्रवासातले पाणी बाधते या मताचे एकतरी वडीलधारे घरात असतातच, म्हणून घरच्या बोअरचे दोनशे लिटरचे पिंप भरले जाते. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. पिंपाचे स्वतःचे वजन सोडले तरी दोनशे किलो इथेच संपतात. उरलेल्या पन्नासात गॅसची टाकी येते. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस आणि जवळपास तितकेच लोखंड, म्हणजे तीस किलो गेले. वीस किलोंत गाद्या बसवायच्या. खानदेशातली गादी घरच्या कापसाची असते, आणि घरचा कापूस भरताना कोणी हात आखडता घेत नाही. अशा दोन गाद्यांत हिशेब पुरा होतो. अजून दादर ज्वारीचे पीठ, लोणच्याची बरणी, भरताची वांगी, बट्ट्या भाजायला गोवऱ्या, बट्ट्यांवर ओतायला तूप, पापडांचा डबा, आणि नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या मिरच्या, एवढे सगळे खाली जमिनीवरच आहे. माणसांचे अजून नावही निघालेले नाही.

इथे शास्त्र दोन मार्ग सुचवते. एक, सामान कमी करावे. दुसरा, ट्रेलर मोठा घ्यावा. पहिला मार्ग सुचवणारा पुरुष असतो आणि त्याच्याकडून नेमके काय काढायचे याची यादी मागितली की तो गप्प होतो. दुसरा मार्ग घेतला तर पुढची गाडी मोठी लागते, आणि मोठ्या गाडीत तीन जागा वाढतात, म्हणून आणखी तिघे येतात, त्यांच्या गाद्यांसह. खरा तोडगा तिसराच आहे आणि तो पुस्तकात सापडत नाही. पाणी मुक्कामाला भरावे, टाकी रिकामी न्यावी. प्रकाशाला तापी आणि गोमाई दोन्ही आहेत, सारंगखेड्याला तापी आहे, तोरणमाळला यशवंत तलाव आहे. पाणी नसलेल्या ठिकाणी इकडचे देवही राहत नाहीत. मात्र हे वडीलधाऱ्यांना पटवणे ट्रेलर ओढण्यापेक्षा जड काम आहे, आणि बरेचसे ट्रेलर त्याच कारणाने जादा भरलेले धावतात.

कायद्याच्या बाजूने ही खरेदी वाटते तितकी अनोळखी नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००४ मध्ये वाहनांच्या ज्या जाती ठरवून दिल्या त्यांत बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत शेतीचा ट्रॅक्टर आहे आणि त्याच यादीत थोडे खाली खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलरही आहे. म्हणजे सरकारदरबारी दोघे एकाच पंगतीला बसतात. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपले आणले. नोंदणी ट्रेलरचीही करावी लागते. त्याच्या अंगावर स्वतःचा नंबर हवा आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचाही. नंदुरबारात तो एमएच ३९ ने सुरू होतो. मागचे दिवे, वळणाचे दिवे आणि ब्रेकचा दिवा पुढच्या गाडीच्या वायरने पेटायला हवेत. ट्रॉलीबाबत हा नियम पुष्कळदा चिकटवलेल्या लाल पट्टीवर आणि मागे रंगवलेल्या ‘आईचा आशीर्वाद’ यावर भागवला जातो. रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढे आली की तो आशीर्वाद फार जवळ गेल्यावर वाचता येतो.

धावत्या कॅरव्हॅनमध्येही कोणी बसायचे नसते. हे कळल्यावर घरात पहिली फूट पडते. मागे पलंग आहे, पडदे आहेत, पंखा आहे, आणि तरीही सगळ्यांनी पुढे कोंबून बसायचे, हे कोणाच्याच पचनी पडत नाही. “मग ते घर न्यायचे कशाला?” असे आजी विचारते आणि त्याला चांगले उत्तर नाही. आबांना तर दुपारी आडवे व्हायची सवय असते. त्यांना पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवले आणि मागे त्यांचीच गादी रिकामी धावते आहे, हे दृश्य त्यांना वाटभर आरशात दिसत राहते. अर्थात आरशात ते दिसते हेच मुळात चांगले लक्षण. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर बाजूचे आरसे लांब दांडीचे लावावे लागतात, नाहीतर मागून येणारी एसटी हॉर्न वाजेपर्यंत अस्तित्वात नसते.

रस्त्याचा विचार मागाहून करणारे ट्रेलर लवकर विकतात. शहाद्यातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे गाजलेला आहे. मोटार एक खड्डा चुकवते तेव्हा तिच्या मागचा ट्रेलर नेमका त्यात जातो, कारण त्याची चाके वेगळ्या वाटेने येतात. वळणावर ती आतून कापतात, म्हणून कोपऱ्यावरचा मैलाचा दगड गाडीला लागत नाही, ट्रेलरला लागतो. परदेशी हलक्या ट्रेलरची लहान चाके आणि रबरी सस्पेंशन गुळगुळीत रस्त्यासाठी असते. इथे गाडीच्याच मापाची चाके घ्यावीत, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते आणि पंक्चरवाल्याकडे ट्यूब मिळते. पाटे असलेला एक्सल आवाज करतो, पण कोणत्याही गावात दुरुस्त होतो. आतली कपाटे मात्र कड्यांनी बंद व्हायला हवीत. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर दार उघडले की लोणच्याचे तेल, पीठ आणि मिरच्या यांचा जो काही पदार्थ तयार झालेला असतो, त्याची पाककृती कोणाला नको असते.

तोरणमाळला जायचे तर घाट आहे, आणि सात पायऱ्यांच्या त्या वळणांवर जोडगाडीची परीक्षा होते. चढताना इंजिन तापते, म्हणून आधीच खालच्या गिअरमध्ये राहावे आणि पंखा-एसीची हौस सोडावी. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, ही ट्रकवाल्यांची शिकवण जोडगाडीला दुपटीने लागू पडते. ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ते तापून धरायचेच थांबतात. वळण इतके आवळ असेल की पुढची गाडी परत येताना मागची दिसू लागते, तिथे लांबलचक ट्रेलर नेऊच नये. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास असलेल्या या ठिकाणी महाशिवरात्रीच्या यात्रेला गर्दी होते. त्या दिवशी घाटात ट्रेलर घेऊन जाणाऱ्याला हजारो भाविकांच्या तोंडून गोरक्षनाथाखेरीज आणखी बरीच नावे ऐकायला मिळतात.

पण घाटापेक्षाही माणूस उघडा पडतो तो मागे घेताना. हूकने जोडलेली गाडी मागे नेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. छोटा ट्रेलर झटकन वळतो आणि क्षणात पुढच्या गाडीशी काटकोन करून उभा राहतो. लांब ट्रेलर उलट सवड देतो. एक युक्ती सांगतात, हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवावा. ही युक्ती एकटा माणूस मोकळ्या मैदानात अर्ध्या तासात शिकतो. यात्रेत ती चालत नाही, कारण तिथे शिकवणारे फार असतात. सारंगखेड्याला पार्किंगसाठी दिलेल्या शेतात, हरभऱ्याच्या बांधाकडे ट्रेलर मागे घ्यायचा आहे असे समजा. डाव्या मागच्या चाकापाशी मेहुणा उभा आहे, तो “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो. उजव्या बाजूला काका आहेत, ते काही न बोलता तळहात हलवतात. तो हात बोलावतो की थांबवतो हे त्यांनाच ठाऊक. मागे मोबाइलवर बोलत उभ्या असलेल्या भाच्याला तो ट्रेलरच्या वाटेत आहे हे माहीत नाही. बांधावरचा अनोळखी म्हातारा अहिराणीत ओरडतो, “तठे नही रे, आठे, आठे!” आणि आतून वहिनी विचारतात, “अहो, एकदाचे कुठे तरी लावा ना!” चालवणारा चारही सूचना एकाच वेळी पाळतो. ट्रेलर बांधावर चढतो, मेहुणा म्हणतो, “बास!” शेवटी चौघे मिळून हूक सोडतात आणि रिकाम्या गाड्याप्रमाणे हाताने ढकलून ट्रेलर हव्या त्या जागी नेतात. हलका ट्रेलर घेण्याचे याहून पटणारे कारण कुठल्याही पुस्तकात नाही.

मुक्कामाला लागल्यावर चाकांना पुढे-मागे दगड, चारी कोपऱ्यांना टेकू, आणि मगच हूक मोकळा. हा क्रम चुकला तर आत झोपलेला माणूस जागा होतो तो उतारावर. आतली दोन बर्नरची शेगडी चहापुरती. वरण-बट्टीला बाहेर गोवऱ्यांचा जाळ लागतो, भरताला वांगे निखाऱ्यात घालावे लागते, आणि खापरावरच्या पुरणपोळीला लागणारे खापर आतल्या ओट्यापेक्षा मोठे असते. म्हणून सुंदर स्वयंपाकघर भांडी ठेवण्याच्या कामी येते. आतल्या शौचालयाचा डबा कोणी रिकामा करायचा यावर घरात मतैक्य होत नाही आणि ते शौचालय सहलभर कुलूपबंद राहून गाद्या ठेवायला उपयोगी पडते. यात्रेत कॅरव्हॅन उभी राहिली की बघ्यांची रांग लागते. “ताई, आतून बघू का जरा?” असे विचारणाऱ्याला नाही म्हणण्याची पद्धत इकडे नाही, आणि आत आलेल्याला चहा न देता पाठवण्याचीही नाही. दुपारपर्यंत शेगडी थंड होत नाही.

खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न म्हणजे वर्षातले उरलेले दिवस ही वस्तू काय करणार. ट्रॉलीला रिकामे बसणे ठाऊक नाही. ऊस साखर कारखान्यावर, पपई आणि केळी व्यापाऱ्याकडे, कापूस जिनिंगला, शेणखत शेतात. सहल ही तिच्या कामातली सुटी. कॅरव्हॅन मात्र दिवाळी आणि उन्हाळा सोडला तर अंगणात उभी असते. वैशाखात तिचा पत्रा असा तापतो की आत थांबवत नाही आणि मंडळी बाजा टाकून बाहेरच झोपतात. महिनाभरात तिच्यात कांद्याची गोणी येते, मग फवारणीचा पंप, मग बारावीच्या मुलाला शांतता हवी म्हणून टेबल, आणि मग त्या मुलाला भेटायला येणारे मित्र. टायर एकाच जागी उभे राहून चिरतात, म्हणून महिन्यातून एकदा तरी ट्रेलर हलवावा आणि हवा बघावी.

या सगळ्याचा खर्च मांडल्यावर बहुतेक घरे भावकीत मिळून एक ट्रेलर घेण्याच्या मतावर येतात. मत चांगले आहे. गाडी ज्याची त्याची, ट्रेलर सगळ्यांचा, हूक प्रत्येकाच्या गाडीला एकाच मापाचा बसवून घ्यावा. पन्नास मिलिमीटरचा गोळा बहुतेक ठिकाणी मिळतो. फक्त कोणी कधी न्यायचा हे आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण सगळ्यांना तो दत्तजयंतीलाच हवा असतो.